घराचा विमा की कर्जाचा?

मंडळी, स्पष्टच लिहितो. गृहकर्ज देताना ‘होम इन्शुरन्स’ म्हणून जे आपल्या गळ्यात मारलं जातं, तो अनेकदा घराचा विमा नसतोच. तो कर्जाचा असतो. कर्जदार गेला तर विमा कंपनी उरलेलं कर्ज फेडते. चांगली गोष्ट आहे, पण भिंत कोसळली तर त्या कागदावर छदामही मिळत नाही. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये घराघरांत शिरलं, तेव्हा माझ्या ओळखीच्या दोघांनी फायली उघडल्या. दोघांकडेही हाच कागद! बँकेतला साहेब म्हणाला, “सही करताना वाचायचं ना.” वा रे वा. विकताना नाव ‘होम’ आणि वाचायची जबाबदारी गिऱ्हाइकाची?

आणि संताप याचा की खरा विमा उपलब्ध होता. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाण पॉलिसी आणली. कंपनी कुठलीही घ्या, मूळ अटी सारख्याच. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, इतकंच काय, पाण्याची टाकी फुटून झालेलं नुकसानसुद्धा त्यात येतं. रक्कम ठरते कार्पेट एरिया आणि बांधकामखर्चावर. जागेची किंमत त्यात धरत नाहीत, म्हणून फ्लॅटच्या बाजारभावाचा आकडा बघून घाबरू नका.

आता काय मिळत नाही तेही ऐका, कारण एजंट हे सांगत नाही. नवी इमारत बसताना पडणाऱ्या भेगा, निकृष्ट माल, चुकीचं डिझाइन, समुद्राने किंवा नदीने खाल्लेला किनारा, सगळं बाहेर. वर्षानुवर्षं झिरपणारी ओलही नाही. साधी घरफोडीही नाही. पूर किंवा आगीसारख्या घटनेनंतर सात दिवसांत झालेली चोरी तेवढी धरतात. दागिन्यांसाठी वेगळं कवच घ्यावं लागतं. बिल्डरचं पाप विमा कंपनी धूत नाही हो. त्यासाठी रेरा कायदा आहे, ताब्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवरच.

सोसायटीवाल्यांनो, इमारतीचा विमा काढणं आदर्श उपविधींतच सांगितलंय. लिफ्टच्या रंगावर तासभर भांडता, तर येत्या वार्षिक सभेत सेक्रेटरींकडे पॉलिसीची प्रत मागा. पूर आहे का, रक्कम किती, मुदत कधी संपते, हे विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.