स्ट्रायकर आणि पांढरा चेंडू

वरळी कोळीवाड्याच्या दाटीवाटीच्या गल्ल्यांत दिव्याखाली मांडला जाणारा कॅरमचा बोर्ड आणि जपानच्या डेटा ईस्ट कंपनीने १९८६ मध्ये नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रासाठी काढलेला ‘साइड पॉकेट’ हा पूलचा, म्हणजे सहा भोकांच्या टेबलावरील बिलियर्ड्सचा, व्हिडिओ गेम यांचे कूळ एक असले, तरी त्यांतील डावपेच वेगळे आहेत. कॅरमपटू प्रत्येक फटक्याआधी स्ट्रायकर उचलून आपल्या पट्टीवर हवा तिथे ठेवतो. पूलमध्ये मात्र पांढरा चेंडू जिथे थांबला तिथूनच पुढचा फटका मारावा लागत असल्याने, तो कुठे विसावेल याचा विचार नेमाइतकाच मोलाचा ठरतो. ‘साइड पॉकेट’ची थोरवी याच जागी आहे: नेम आणि जोर यांच्या जोडीने फिरकी, म्हणजे चेंडूच्या मध्यापासून वर, खाली वा बाजूला आघात करून त्याला दिलेली गिरकी, खेळाडूला निवडता येते आणि खालच्या बाजूला आघात झालेला चेंडू धडकेनंतर मागे परततो. बोरिक पावडरीवर सरकणाऱ्या स्ट्रायकरचा स्पर्श मात्र त्या पडद्याला साधला नाही, आणि ही उणीव लहान नव्हे. समुद्रालगतच्या दमट हवेत बोर्ड जड झाला की टिचकीचा जोर किती वाढवायचा, हे बोटालाच कळते.