परवाना आहे, पण किल्ली कोणाकडे?

संगणक सुरू आहे, परवान्याचे पैसे भरलेले आहेत, तरीही काम ठप्प. मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जी या तेल कंपनीने हा अनुभव जुलै २०२५ मध्ये घेतला. युरोपीय महासंघाने या कंपनीवर निर्बंध लादताच मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबविल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यानंतर त्या पूर्ववत झाल्या. हे निर्बंध भारताचे नव्हते, संयुक्त राष्ट्रांचेही नव्हते. सेवा मात्र भारतातील कार्यालयांत बंद पडली.

या घटनेचे मूळ परवान्याच्या बदललेल्या स्वरूपात आहे. पूर्वी ऑफिस सॉफ्टवेअर सीडीवर येई. पंचवीस अक्षरांची किल्ली एकदा टाकली की वर्षानुवर्षे चिंता नसे. २०११ मध्ये ऑफिस ३६५ आले आणि मालकीची जागा भाडेपट्ट्याने घेतली. आता परवाना यंत्राला नव्हे, तर माणसाच्या खात्याला मिळतो. या भाड्याच्या ऑफिसला किमान तीस दिवसांतून एकदा इंटरनेटद्वारे कंपनीकडे हजेरी लावावी लागते. ती चुकली तर कागद वाचता येतो, छापता येतो. त्यात दुरुस्ती करता येत नाही.

आभासी डेस्कटॉपवर हा प्रश्न अधिक बिकट होतो. येथे टेबलावर केवळ पडदा व कळफलक असतो; खरा संगणक दूरच्या सर्व्हरवर चालतो. खर्च व देखभाल वाचविण्यासाठी अनेक संस्था काम संपताच तो संगणक पुसून कोरा करतात. त्याबरोबर साइन-इन आणि परवान्याची खूणही पुसली जाते. दुसऱ्या दिवशी कर्मचारी यंत्राला नवखा वाटतो आणि पासवर्ड, मोबाइलवरील सांकेतिक क्रमांक, परवान्याची पडताळणी हे सारे सोपस्कार पुन्हा सुरू होतात.

यावर तांत्रिक उपाय आहेत. सामायिक संगणकांसाठीच्या खास पद्धतीत परवान्याची खूण वापरकर्त्यापुरती आणि काही दिवसांपुरतीच दिली जाते, तसेच ती सामायिक सर्व्हरवर जपून ठेवता येते. दुसऱ्या उपायात वापरकर्त्याचे सारे दफ्तरच एका आभासी डिस्कमध्ये बांधून, तो ज्या यंत्रावर येईल तेथे जोडले जाते. हे तंत्र विकसित करणारी एफएसलॉजिक्स ही कंपनी मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये विकत घेतली. या उपायांनी रोजचा त्रास कमी होतो. पण परवान्याचे नूतनीकरण दूरच्या सर्व्हरच्याच हाती राहते.

शिवाय भाड्याच्या अटीही एकतर्फी बदलतात. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ही आभासी संगणकांच्या क्षेत्रातील अग्रगण्य कंपनी घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद केली.

हा प्रश्न केवळ महानगरांचा नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेखाली वसलेल्या सोयगाव तालुक्यातील शेतकऱ्याचा सातबाराही आता दूरच्या सर्व्हरवर आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्यात १ मे २०१८ पासून मिळू लागला. त्यामुळे तलाठी कार्यालयातील हेलपाटे वाचले, हे नाकारता येणार नाही. पण उद्या तालुक्याची कार्यालयेही आभासी डेस्कटॉपवर गेली आणि डोंगरापलीकडून येणारी जोडणी तुटली, तर कार्यालय उघडे आणि कारभार बंद अशी स्थिती ओढवेल. पीककर्जाच्या दिवसांत रांगेतील शेतकऱ्याला परवान्याची खूण संपल्याचे कारण देऊन भागणार नाही.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अधिकाऱ्यांना झोहो या भारतीय कंपनीची ऑफिस साधने वापरण्यास सांगितले. परकीय निर्बंधांचा धोका त्याने कमी होईल. पण मालक देशी झाल्याने भाडेकरू घरमालक होत नाही. म्हणूनच सरकारी खरेदीत काही अटी असायलाच हव्यात. जोडणी तुटल्यास काम किती दिवस चालेल, सेवा थांबविण्यापूर्वी किती मुदत मिळेल आणि कागदपत्रे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतील अशा खुल्या स्वरूपात राहतील काय, हे करारातच लिहून घ्यावे लागेल. खुल्या सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण केंद्राने २०१५ मध्येच स्वीकारले आहे. त्याची आठवण सेवा बंद पडल्यावर नव्हे, तर निविदा काढताना व्हायला हवी.