पट्टी मान्य आहे का?

देवघेव / हिशेबनीस

गुहागर तालुक्यातल्या वेळणेश्वरला महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं 2012 साली. तिथल्या एखाद्या मुलाला प्रकल्पासाठी ‘आंबाविक्रीची प्रक्रिया’ काढून आण म्हटलं, तर तो काय आणील हे मी आत्ताच सांगतो. तोडणी, प्रतवारी, पेटी, ट्रक, वाशी मार्केट, पैसे. चौकोन आणि बाण. आकृतीत चूक काही नाही, फक्त माणूस नाही. पेटी आपल्या पायांनी वाशीला चालत गेली असं वाटतं.

खरा व्यवहार पेटी भरायच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. मोहोर आला की फवारणीला पैसा लागतो, राखणीला लागतो, नेपाळी गड्यांच्या पगाराला लागतो. बागायतदार वाशीच्या दलालाकडे उचल मागतो. दलाल देतो, आणि माल त्याच्याच गाळ्यावर यायचा हे बोलता बोलता ठरून जातं. पुढे मार्चमध्ये फोन होतो. ‘शेठ, पेट्या लावू का?’ ‘लावा की, चांगला भाव काढून देतो.’ चांगला म्हणजे किती, हे विचारायची रीत नाही. मग पट्टी येते. इतक्या पेट्या, अमुक भाव, त्यातून वाहतूक वजा, हमाली वजा, उचलीपोटी एवढे वजा. हल्ली ती व्हॉट्सअ‍ॅपवर येते, इतकाच काय तो फरक.

असा व्यवहार चौकोनांत न बसवता बोलण्यात मांडून पाहावा, असं म्हणणारा माणूस चिलीचा. फर्नांडो फ्लोरेस हा तिथले राष्ट्राध्यक्ष आयेंदे यांच्या सरकारात अर्थमंत्री होता. 1973 च्या लष्करी उठावानंतर तीन वर्षं तुरुंगात काढून तो अमेरिकेत गेला आणि 1986 साली स्टॅनफर्डच्या टेरी विनोग्राड यांच्याबरोबर त्यानं संगणकाविषयी एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की, कचेरीत फायली फिरताना दिसतात खऱ्या, पण चाललेलं असतं ते शब्द देणं आणि शब्द पाळणं. एकानं काम सांगायचं, दुसऱ्यानं ते कबूल करायचं, झाल्यावर ‘झालं’ म्हणून कळवायचं, आणि सांगणाऱ्यानं ‘ठीक, पोचलं’ म्हणायचं. हे चौथं पाऊल पडेपर्यंत काम पुरं झालेलं नसतं. नेदरलँड्समधल्या यान डिट्झ यांनी पुढे याच पायावर कंपन्यांचे व्यवहार मांडायची आख्खी पद्धत उभी केली.

आता ही चार पावलं वाशीच्या वाटेवर टाकून बघा. सांगणं आहे. कबुली आहे, पण सैल: ‘चांगला भाव’ या शब्दात दलालाला कुठेच धरता येत नाही. ‘झालं’ म्हणणारी पट्टी आहे. चौथं पाऊल मात्र गायब. पट्टी मान्य आहे का, हे बागायतदाराला कुणी विचारत नाही. 2016 साली राज्य सरकारनं फळं-भाजीपाल्यावरची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं. निर्णय चांगलाच होता. पण त्यानं पट्टीतली एक वजाबाकी खोडली. पट्टीला उत्तर द्यायची सोय काही झाली नाही.

‘मग पक्का करार करा’ हा सल्ला तयार असतोच. पक्क्या कराराचं काय होतं ते गुहागर तालुक्याला वेगळं सांगायला नको. तालुक्यातल्याच वीजप्रकल्पासाठी एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी वीज मंडळाचा करार झाला डिसेंबर 1993 मध्ये. त्यामागे राज्याची हमी होती, केंद्राची प्रतिहमी होती. 1995 मध्ये नव्या सरकारनं तो रद्द केला, 1996 मध्ये दुरुस्त करून पुन्हा केला, आणि 2001 मध्ये वीज परवडत नाही म्हणून खरेदी थांबली. कागद जाडजूड होता, सह्याही होत्या. वीजबिल ज्यांच्या माथी येणार होतं त्यांचा होकार तेवढा कुणी घेतला नव्हता.

फ्लोरेसच्या पद्धतीवर मानववंशशास्त्रज्ञ लुसी सचमन यांनी 1994 मध्ये चांगलीच टीका केली. माणसाच्या प्रत्येक बोलण्यावर ‘कबुली’, ‘नकार’ असं लेबल लावायला लागलात की ती वरच्याच्या हातातली छडी होते, असा त्यांचा रोख. मला ते पटतं. ‘बघू’ हे उत्तर सॉफ्टवेअरवाल्याला पळवाट वाटतं, पण राखणीच्या गड्यानं जास्तीच्या रात्रपाळीबद्दल ‘बघू’ म्हटलं तर ते त्याला म्हणू द्यावं. दलालाचं ‘बघू’ वेगळं. लेबल लावायचंच तर ज्याच्या हातात पैसा आहे त्याच्या बोलण्यावर आधी लावा.

तेव्हा प्रकल्प करणाऱ्या मुलांनो, ट्रक कुठे पोचला ते दाखवणारं अ‍ॅप खुशाल करा. पण पेट्या निघण्यापूर्वी दलालाचा किमान भाव त्यात नोंदला जाऊ दे, आणि पट्टीखाली ‘मान्य’ आणि ‘अमान्य’ अशी दोन बटणं ठेवा. ‘अमान्य’ कुणी दाबणार नाही, हेही सांगून ठेवतो. दाबणाऱ्याला पुढच्या मोहोराला उचल कोण देणार? म्हणून आकृतीत दलालाच्या शेजारी बँकेचाही चौकोन काढा, आणि पीककर्ज फवारणीच्या आधी हातात पडतं की नंतर, तेवढं एकदा गावात विचारून या.