शोधाचें बक्षीस व शोधाचें मर्म

नवा शोध लावणारास मोठें बक्षीस जाहीर केलें कीं ज्ञान आपोआप वाढतें, अशी पुष्कळांची समजूत आहे. आमच्या मतें ती अर्धीच खरी आहे. बक्षीस एकट्या विजेत्याचें. तेव्हां हातीं लागलेली युक्ति दुसऱ्यास सांगणें म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणें होय. मग दहा जण एकच चूक दहा ठिकाणीं करीत बसतात. गणिताची सोपी रीत हातानें झांकून ठेवणारे विद्यार्थी आमच्या परिचयाचे आहेत. त्यांस आम्ही फारसा दोष देत नाहीं, बक्षीसच तसें ठेविलेलें असतें.

इ. स. १७१४ मध्यें इंग्लंडच्या पार्लमेंटानें समुद्रावर रेखांश अचूक काढण्याच्या उपायास २०,००० पौंडांपर्यंत बक्षीस ठेविलें. जॉन हॅरिसन हा मूळचा सुतार. सुमारें तीस वर्षें खपून त्यानें केलेलें चौथें घड्याळ दोन सफरींत कसोटीस उतरलें. परंतु त्याची अंतर्रचना त्याच्यावांचून कोणास ठाऊक नव्हती, आणि एका घड्याळानें सर्व जहाजांचें काम कसें भागावें? म्हणून १७६५ च्या कायद्यानें अट घातली कीं, रचना उघड केल्यास अर्धी रक्कम, व इतर कारागिरांस तशीं घड्याळें करतां आल्यावर उरलेली. त्याच वर्षीं हॅरिसननें परीक्षकांपुढें घड्याळ खोलून दाखविलें. केंडॉल नांवाच्या कारागिरानें त्याची प्रतिकृति केली, व ती १७७२ त कॅप्टन कुकबरोबर सफरीस गेली. हॅरिसनला मात्र पुढील मोठी रक्कम १७७३ त, वयाच्या ऐंशीव्या वर्षीं, पार्लमेंटाकडे दाद मागूनच मिळाली.

पैसा लोकांचा, तर मर्मही लोकांस कळावें, ही मागणी आम्हांस रास्त वाटते. उपाय ‘व्यवहार्य व उपयुक्त’ असावा असें मूळ कायद्यांत होतें खरें; तथापि शर्यत धांवून झाल्यावर त्या शब्दांचा असा अर्थ लावणें हा अन्यायच होय.

हीच अट आरंभीं सांगितली तर काय घडतें? २००६ सालीं नेटफ्लिक्स ही अमेरिकन कंपनी टपालानें चित्रपट भाड्यानें देत असे. गिऱ्हाइकाच्या आवडीचा अंदाज करण्याची तिची रीत जो शेंकडा १० नें सुधारील, त्यास तिनें १० लाख डॉलर देऊं केले. शिवाय मधल्या वर्षीं आघाडीवर असणाऱ्यास ५०,००० डॉलर. मात्र बक्षीस घेणारानें आपली रीत प्रसिद्ध करावी, हा नियम पहिल्या दिवसापासून होता. हे ५०,००० म्हणजे आघाडी गमावण्याचा मोबदलाच. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे यानें सोकावतात, हा आक्षेप खोटा नव्हे. पण मधलें बक्षीसही आघाडी गांठल्यावांचून मिळत नसे. प्रतिस्पर्धी एकमेकांच्या रीती अभ्यासूं लागले, व अखेर तीन संघ एक होऊन २००९ सालीं जिंकले. तितकेच गुण मिळविणारा दुसरा संघ २० मिनिटें उशिरा पोहोंचला!

ती अंतिम रीत फार जिकिरीची म्हणून कंपनीनें जशीच्या तशी कधींच वापरली नाहीं. २००७ सालीं मधल्या बक्षिसापायीं उघड झालेल्या रीतींपैकीं दोन मात्र तिनें कामास लावल्या.