खांदा बसला म्हणजे बरा झाला, असं नाही!

निखळलेला खांदा घेऊन एखादा तरुण आला, की मी त्याला पहिला प्रश्न विचारतो, "कितव्यांदा?" बऱ्याचदा उत्तर येतं, "तिसऱ्यांदा", "चौथ्यांदा". एखादा हसून सांगतो, "डॉक्टर, आता मोजत नाही. माझा मीच बसवतो." मित्रांमध्ये हा कौतुकाचा विषय असतो. मला मात्र ते ऐकून काळजी वाटते, कारण जो खांदा सहज बसतो तो निसटतोही तितक्याच सहज.

आपल्याकडे समज असा, की खांदा निखळणं म्हणजे दाराची कडी निघणं. कडी परत लावली की काम झालं. मग ती हाडवैद्याने लावली काय, कबड्डीच्या मैदानावर एखाद्या दादाने हात ओढून लावली काय किंवा हॉस्पिटलात भूल देऊन लावली काय, फरक काय पडतो? माझं स्पष्ट मत आहे, की तरुण माणसाच्या बाबतीत खांदा बसवणं हे उपचारांचं पहिलं पाऊल आहे, शेवटचं नाही. पहिल्या आणि दुसऱ्या निखळण्यामधला काळ फार मोलाचा असतो आणि आपण तो वाया घालवतो.

असं का, हे समजायला खांदा आतून कसा असतो ते पाहू. दंडाच्या हाडाचा वरचा गोळा मोठा आणि त्याला टेकायला असलेली वाटी लहान, उथळ. बशीत मोसंबं ठेवल्यासारखा प्रकार. म्हणून तर हात मागे पाठीवर, वर डोक्यावर, सगळीकडे जातो. या मोकळेपणाची किंमत म्हणजे सांध्याला हाडांचा आधार जवळजवळ नाही. गोळा जागेवर राहतो तो वाटीच्या काठाला असलेल्या कूर्चेच्या कडेमुळे (तिला लॅब्रम म्हणतात), पुढच्या बाजूच्या लिगामेंट्समुळे आणि भोवतीच्या स्नायूंमुळे. हात वर आणि बाहेर असताना मागे ढकलला गेला, की गोळा पुढच्या बाजूने बाहेर पडतो. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा हात मागून धरला जातो तेव्हा किंवा दहीहंडीच्या थरातून पडताना हात कुठेतरी अडकतो तेव्हा नेमकं हेच घडतं.

बाहेर पडताना गोळा पुढची कूर्चेची कडा आणि तिला चिकटलेली लिगामेंट्स वाटीपासून उचकटून काढतो. ब्रिटिश सर्जन बँकार्ट यांनी १९२३ मध्ये याचं वर्णन केलं, आजही ही इजा त्यांच्याच नावाने ओळखली जाते. खांदा बसवला की हाड जागेवर येतं, पण उचकटलेली कडा आपोआप योग्य जागी चिकटेलच असं नाही. अनेकदा ती खाली घसरून चुकीच्या जागी भरून येते. एक्स-रे मात्र छान दिसतो! घरचे निर्धास्त होतात आणि सहा महिन्यांनी बसच्या दांड्याला हात लावताना खांदा पुन्हा निसटतो.

विशीच्या आत पहिल्यांदा खांदा निखळलेल्या आणि खेळ चालू ठेवणाऱ्या मुलांमध्ये निम्म्याहून अधिक जणांचा तो पुन्हा निखळतो. चाळिशीनंतर ही शक्यता बरीच कमी होते. हा वयाचा फरक रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगायला हवा आणि तो सांगितला जात नाही, ही माझी आम्हा डॉक्टरांविषयीची तक्रार आहे. डिस्चार्ज कार्डावर 'स्लिंग तीन आठवडे, वेदनाशामक गोळ्या' एवढंच लिहून रुग्णाला घरी पाठवलं जातं. तीन आठवड्यांऐवजी सहा आठवडे हात बांधून ठेवला तर खांदा घट्ट होईल, असंही अनेकांना वाटतं. तरुणांमध्ये जास्त दिवस बांधून ठेवल्याने पुन्हा निखळणं कमी होत नाही, दंडाचे स्नायू मात्र वाळतात.

प्रत्येक वेळी निखळताना आत आणखी एक गोष्ट घडते. गोळ्याला मागून खड्डा पडतो आणि वाटीचा पुढचा काठ झिजतो. चहाच्या कपाचा काठ थोडा थोडा उडत गेल्यासारखा. काठ शाबूत आहे तोवर दुर्बिणीने, छोट्या छिद्रांतून, कूर्चेची कडा टाके घालून परत चिकटवता येते. काठाचा साधारण पाचवा भाग गेला, की ते टाके पुरत नाहीत. मग खांद्याच्याच पुढच्या हाडाचा एक तुकडा कापून, स्नायूसकट आणून वाटीला स्क्रूने बसवावा लागतो. फ्रेंच सर्जन लाटार्जे यांनी १९५४ मध्ये सांगितलेली ही शस्त्रक्रिया उत्तम आहे, पण ती मोठी आहे. 'माझा मीच बसवतो' म्हणणारा मुलगा छोट्या ऑपरेशनकडून मोठ्या ऑपरेशनकडे चालत निघालेला असतो आणि हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

मग प्रत्येकाचं ऑपरेशन करायचं का? नाही. पण विशीतला, अंगाला अंग भिडणारे खेळ खेळणारा, आणि एमआरआयमध्ये कडा उचकटलेली दिसते, अशा रुग्णाशी पहिल्याच वेळी ऑपरेशनविषयी मोकळेपणाने बोललं पाहिजे, या मताचा मी आहे. श्रेयस अय्यरचं उदाहरण अनेकांना आठवत असेल. मार्च २०२१ मध्ये पुण्याजवळ गहुंज्याच्या मैदानावर चेंडू अडवण्यासाठी झेप घेताना त्याचा डावा खांदा अर्धवट निसटला. पुढच्याच महिन्यात ऑपरेशन झालं आणि नोव्हेंबरमध्ये कानपूरला कसोटी पदार्पणात त्याने शतक काढलं. मधले महिने त्याने व्यायामात घातले, हे मात्र आपण विसरतो. ऑपरेशन करून फिजिओथेरपी न करणारे रुग्ण बघितले की मला वाईट वाटतं.

काही रुग्णांचा रस्ताच वेगळा असतो. अंगठा मनगटाला टेकतो, कोपर उलटा वाकतो, असे ज्यांचे सगळेच सांधे जन्मतः सैल असतात, त्यांना कित्येक महिने नेटाने व्यायाम हाच पहिला उपचार. फिट्स येणाऱ्यांचा खांदा कधी कधी मागच्या बाजूला निखळतो आणि साध्या एक्स-रेत तो सहज निसटून जातो. तिथे आधी फिट्स आटोक्यात आणायला हव्यात. आणि तुमचं वय चाळिशीपुढे असेल, खांदा बसला पण दोन-तीन आठवड्यांनंतरही हात वर होत नसेल, तर 'सूज असेल' म्हणून थांबू नका. या वयात लिगामेंटपेक्षा स्नायूंचे कंडरे फाटण्याची शक्यता जास्त असते.

आता कोपर. इथे सगळं उलटं आहे! कोपराची हाडं बिजागरीसारखी एकमेकांत बसतात. हातावर पडून कोपर निखळला तरी, सोबत फ्रॅक्चर नसेल तर बसवल्यानंतर तो बहुतेकदा स्थिर असतो. खांद्याचा शत्रू सैलपणा, तर कोपराचा शत्रू आखडणं. म्हणून साधा निखळलेला कोपर आठवडाभरात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू हलवायला लागायचा असतो. तीन आठवड्यांपेक्षा जास्त प्लास्टर म्हणजे आखडलेल्या कोपराला आमंत्रण. आणि कृपा करून तेल लावून चोळू नका. जखमी स्नायू जोराने चोळले, ओढून ताणले, तर त्यांच्यात चक्क हाड तयार होऊ शकतं. मग घास तोंडापर्यंत नेणंही कठीण होतं. आजीच्या मायेने केलेली मालिश असली तरी स्नायूला ते कळत नाही.

काही कोपर मात्र सैल राहतात. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठताना बाहेरच्या बाजूला दुखतं, 'खट्' होतं किंवा कोपर सटकेल असं वाटतं, तर बाहेरचं लिगामेंट तपासून घ्या. भालाफेक करणाऱ्यांना फेकताना आतल्या बाजूला दुखत असेल, तर आतलं लिगामेंट. टेनिस एल्बो समजून तिथे पुन्हा पुन्हा स्टिरॉइडची इंजेक्शनं घेत राहणं मला अजिबात पसंत नाही. त्याने बाहेरचं लिगामेंट कमजोर होऊ शकतं.

सांधा निखळला तर मैदानावर ओढाओढ करू देऊ नका. निखळलेल्या सांध्याशेजारी हाड मोडलेलं आहे का, हे एक्स-रेशिवाय कळत नाही. हात आहे त्याच स्थितीत ओढणीने किंवा टॉवेलने अंगाशी आधार देऊन बांधा, खाऊ-पिऊ घालू नका (भूल द्यावी लागू शकते) आणि हॉस्पिटल गाठा. बोटं गार, पांढरी पडली किंवा दंडाच्या बाहेरच्या बाजूला स्पर्श कळेनासा झाला, तर ते पोहोचल्या पोहोचल्या सांगा. घरी जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा: पुन्हा निखळण्याची माझी शक्यता किती, एमआरआय कधी करायचा, व्यायाम कोणत्या दिवशी सुरू करायचे? आणि बसवण्याआधीच्या एक्स-रेचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. सांधा कोणत्या दिशेने गेला होता हे त्या एकाच एक्स-रेत दिसतं आणि वर्षभराने नेमका तोच घरात सापडत नाही.