रूढि, धर्मवचन आणि मुलीचा वांटा

धर्मग्रंथाचें वचन एक आणि घराघरांत चालत आलेली वहिवाट दुसरी, असें असतां परक्या न्यायासनानें कोणतें प्रमाण मानावें? हा प्रश्न १८४७ सालीं मुंबईच्या सुप्रीम कोर्टापुढें आला. खोजा व कच्छी मेमन ह्या व्यापारी जमाती मूळच्या हिंदु. इस्लामचा स्वीकार करूनहि वारसाची जुनी रीत त्यांनीं सोडली नव्हती. कुराणाप्रमाणें मुलीला मुलाच्या निम्मा वांटा. ह्या रीतीप्रमाणें मात्र भाऊ असतां तिला अन्नवस्त्र व लग्नखर्च, एवढेंच. कुराणोक्त वांटा मिळावा म्हणून दोन्ही जमातींतील मुलींनीं दावे लावले.

न्यायाधीश सर अर्स्किन पेरी ह्यांनीं निकाल मुलींच्या विरुद्ध दिला. जी रूढि प्राचीन, सार्वजनिक हितास अबाधक व राज्याच्या कायद्याशीं अविरुद्ध, ती धर्मवचनाहून वेगळी असली तरी कोर्टानें मानावी, असा त्याचा आशय होता.

परक्या राज्यकर्त्यानें पोथी दाखवून लोकांच्या चालीरीति मोडूं नयेत, हें आम्हांसहि पटतें. पण लोकांची चाल म्हणजे कोणाची? जिचा वांटा जात होता, तिला ही चाल ठरवितांना कोणी विचारलें होतें?

पुढें १९३७ च्या शरियत कायद्यानें वारसाच्या बाबतींत रूढि बाजूस सारली. कच्छी मेमनांसाठीं १९३८ सालीं वेगळा कायदा झाला. मात्र शरियत कायद्यांतून शेतजमीन वगळलेली होती. जेथें शेत हीच खरी मिळकत, तेथील मुलीस त्याचा आधार मिळाला नाहीं.

हें वाचून शेजाऱ्याकडे बोट दाखविण्याचा मोह झाल्यास आपल्या माजघरांतहि डोकावून पाहावें. त्याच १९३७ सालीं डॉ. गो. वि. देशमुख ह्यांच्या प्रयत्नानें हिंदु विधवेस पतीच्या मिळकतींत हयातीपुरता हक्क मिळाला; मुलीस त्यांत कांहीं नव्हतें. बापाच्या स्वतंत्र मिळकतींत भावाच्या बरोबरीची वारस ती १९५६ सालीं झाली. एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रांत १९९४ सालीं, तोहि तेव्हां अविवाहित असलेल्या मुलींसच, आणि देशभर २००५ सालीं मिळाला.

तरीहि हक्कसोडपत्र पुढें ठेवून, “माहेर तुटेल हो,” असें मुलीस समजावणारी वहिवाट अद्याप जिवंत आहे. तिच्यापुरता कोणताहि कायदा कागदावरच राहतो. यंदाच्या भाऊबिजेस ओवाळणी घालण्यापूर्वीं सातबाऱ्यावर बहिणीचें नांव आहे कीं नाहीं, हें आमच्या वाचकबंधूंनीं एकदां पाहावें, एवढीच विनंति.