गंजलेली मोटार आणि घरचा हिशेब

हैदराबादेत चारमिनारच्या जवळ चौमहल्ला राजवाडा आहे. 2005 साली तो सर्वसामान्यांसाठी खुला झाला व त्याच्या जीर्णोद्धाराचा 2010 साली युनेस्कोने गौरव केला. तेथे गेलेला मनुष्य एका पिवळ्या मोटारीपुढे हमखास थबकतो. रोल्स-रॉईस कंपनीची ही सिल्व्हर घोस्ट गाडी. तिची बॉडी लंडनच्या बार्कर कंपनीने बांधली. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी ती मागविली, परंतु 1911 च्या ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले आणि गाडी उभी राहिली ती त्यांचे पुत्र मीर उस्मान अली खान यांच्या दारी. मागील बाजूस सिंहासनासारखे उंच आसन असलेली ही मोटार केवळ समारंभास बाहेर निघे. पस्तीस वर्षांत ती अवघी 356 मैल चालली असे सांगतात.

मराठवाड्यातील आपल्या आजोबा-पणजोबांनी याच निजामांची राजवट 1948 पर्यंत पाहिली. जगातील अत्यंत धनाढ्य पुरुषांत त्यांची गणना होत असे. तरीही 1967 साली उस्मान अली खान वारले त्यानंतर त्यांच्या ताफ्यातील कित्येक मोटारी किंग कोठीच्या आवारात गंजत पडल्या. पुढे दुरुस्ती झाली ती मोजक्या गाड्यांची. जेथे द्रव्यास तोटा नव्हता तेथेही निवड करावीच लागली, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी; कारण हाच प्रश्न कधीकधी आपल्या दारीही येतो.

कोणाच्या गोठ्यात, कडब्याच्या आडोशाला, आजोबांनी हौसेने घेतलेली कापडी टपाची मोटार उभी असते. वाटण्यांची वेळ आली की थोरला म्हणतो, भंगारात काढा. धाकटा म्हणतो, वडिलांची आठवण आहे, दुरुस्त करू. एकीकडे मुलांच्या फीचे पैसे, दुसरीकडे वडिलांची आठवण. अशा वेळी भाऊ भावाशी बोलेनासा होतो. वस्तुतः हा वाद निम्मा तरी मोटारीखाली वाकून पाहिल्यानेच मिटण्यासारखा असतो.

उघड्या मोटारीस लोखंडी छप्पर नसते. त्यामुळे बंद मोटारीत जो भार छप्पर व खांब वाटून घेतात, तो येथे सारा खालच्या भागावर पडतो. कापडी टप जीर्ण झाला की पावसाचे पाणी आत झिरपते, पायाखालच्या चटईत मुरते आणि तळाचा पत्रा आतून खाते. वरचा रंग मात्र बरा दिसत राहतो. यास्तव प्रथम तळ तपासावा. दारांखालच्या पट्ट्या व तळाचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहावा. टोक आत शिरले तर तेथे लोखंड उरले नाही असे समजावे. पातळ फडक्यात लोहचुंबक गुंडाळून पत्र्यावरून फिरवावे. जेथे ते चिकटत नाही तेथे पूर्वी कोणी पुट्टी भरून गंज झाकला असण्याचा संभव असतो. गाडी एका बाजूने जॅकवर उचलावी आणि दार उघडझाप करून पाहावे. एरवी नीट लागणारे दार आता अडकू लागले, तर गाडीचा कणाच वाकतो आहे हे निश्चित.

येथे जातीजातींत फरक आहे. सिल्व्हर घोस्टसारख्या जुन्या गाड्यांस, तसेच मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेरल्डला, स्वतंत्र चासी असते. ती शाबूत असेल तर वरचा पत्रा पुन्हा घडविता येतो. मॉरिस मायनरसारख्या गाडीत बॉडी हाच सांगाडा असतो. तिचा तळ गेला की काम फार अवघड होते.

त्यानंतर इंजिन. अनेक वर्षे बंद असलेली गाडी ढकलून किंवा ओढून सुरू करण्याचा मोह टाळावा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे, काही दिवस थांबावे आणि मग हाताने हळूहळू फिरवून पाहावे. इंजिन जाम असले तरी धीर सोडू नये. ते बहुधा दुरुस्त होते. हरवलेले दिवे, मीटर, काचेच्या चौकटी व टपाच्या कमानी मिळविणे हेच पुष्कळदा अधिक खर्चाचे ठरते. म्हणून काय आहे यापेक्षा काय नाही, याची यादी आधी करावी.

कागदपत्रेही पाहावीत. चासीवरचा क्रमांक व नोंदणीपुस्तकातील क्रमांक जुळला पाहिजे. 2021 साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी व मूळ रूपात राखलेली गाडी विंटेज म्हणून नोंदविता येते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये ठरविली गेली. मात्र अशी गाडी नित्याच्या वापरासाठी वा भाड्यासाठी चालविता येत नाही. म्हणजे हिच्यापासून मिळकत होईल ही आशा धरून कर्ज काढू नये. दुरुस्तीचा खर्च पुष्कळदा गाडीच्या किमतीहून अधिक होतो, हेही आधीच जाणून असावे.

तेव्हा माझे म्हणणे इतकेच. कणा शाबूत असेल, फारसे काही हरविले नसेल, आणि मेकॅनिकने लिहून दिलेल्या रकमेवर निम्मी रक्कम आणखी धरूनही घरातील कोणाचे शिक्षण वा औषधपाणी अडणार नसेल, तर भावांनी मिळून काम हाती घ्यावे. यांपैकी एकही गोष्ट नसेल तर गाडी निःसंकोच द्यावी, पण भंगारवाल्यास देण्यापूर्वी त्याच जातीची गाडी दुरुस्त करणाऱ्या एखाद्या हौशी माणसाचा शोध घ्यावा. आपल्याकडचे दार व दिवे त्याच्या गाडीस लागतील आणि आजोबांच्या मोटारीचा काही अंश पुन्हा रस्त्यावर धावेल.

सर्वांत वाईट निर्णय तिसरा होय: विकायचीही नाही आणि दुरुस्तही करायची नाही. दरवर्षीच्या पावसाळ्यात तो निर्णय गंज आपल्या वतीने घेत असतो. हा पावसाळा लागण्यापूर्वी सर्व भावंडांनी एकत्र बसून काय ते ठरवावे. आणि तोवर निदान गाडी गोठ्यातून हलवून कोरड्या जागी, विटांवर उभी करावी.